‘रक्तातला ऑक्सिजन दुप्पट करा’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

"रक्तातला ऑक्सिजन सात दिवसांत दुप्पट करा" असा एक लांबलचक मेसेज बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या ग्रुपांवर पुन्हा फिरतोय. गल्लीच्या मंडळाचा ग्रुप उघडा, भिशीचा उघडा, वारकऱ्यांचा उघडा, तो आहेच. २०२१ च्या कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत त्याचे तुकडे सुटे सुटे यायचे. आता कुणीतरी ते एकत्र केलेत आणि खाली "एका मोठ्या डॉक्टरांचा सल्ला" असं लिहिलंय. डॉक्टरांचं नाव मात्र नाही.

ज्यांना तो आलेला नाही (असं कुणी असेल तर) त्यांच्यासाठी थोडक्यात. शिरांमधलं रक्त निळं आणि अशुद्ध असतं, त्यात ऑक्सिजन नसतो. कार्बन डायऑक्साइड हे विष, म्हणून रोज सकाळी पाच मिनिटं जोरजोरात श्वास घेऊन तो सगळा बाहेर काढा. दहा सेकंद श्वास रोखता आला तर फुप्फुसं ठणठणीत. जांबोटी-कणकुंबीच्या रानात ऑक्सिजन जास्त असतो. तिकडं जाणं जमत नसेल तर रात्री पिंपळाखाली बसा किंवा ऑक्सिजनचं पाणी विकत आणून प्या. ऑक्सिमीटरवर ९८ आलं की काळजी मिटली, डॉक्टरकडं जायचं कारण नाही. आणि शेवटी, थंडीत झोपताना दारं-खिडक्या लावून शेगडीतल्या निखाऱ्यांवर कापूर, लवंग, ओवा टाका. सकाळपर्यंत आकडा वाढलेला दिसेल.

असले मेसेज मी सहसा सोडून देतो. पीयूसीच्या (अकरावी-बारावीच्या) पोरांना इतकी वर्षं जीवशास्त्र शिकवल्यावर माणूस थोडा निबर होतो. पण याची शेवटची ओळ माणूस मारू शकते. ती का मारू शकते हे समजायचं तर रक्त हे वायू नेतं कसं ते आधी बघायला लागतं, म्हणून मेसेजच्याच क्रमानं जाऊ.

मथळ्यापासूनच गडबड आहे. एखादी गोष्ट दुप्पट व्हायची तर निम्मी जागा रिकामी असायला हवी की नको? निरोगी माणसाच्या धमनीतल्या १०० मिलिलिटर रक्तात साधारण २० मिलिलिटर ऑक्सिजन असतो. त्यातला जेमतेम ०.३ मिलिलिटर रक्तद्रवात विरघळलेला. बाकी सगळा तांबड्या पेशींतल्या हिमोग्लोबिनला धरून. हिमोग्लोबिनच्या एका रेणूवर ऑक्सिजनला चार जागा असतात, आणि रक्त फुप्फुसातून निघतं तेव्हा अशा सगळ्या जागांपैकी ९७-९८ टक्के भरलेल्या असतात. त्यासाठी कुणी जोर लावावा लागत नाही. फुप्फुसातल्या केशवाहिनीतून पुढे सरकायला पेशीला सुमारे पाऊण सेकंद लागतो, आणि त्यातल्या पहिल्या पाव सेकंदातच ती भरून होते. उरलेला अर्धा सेकंद हातचा राखलेला. तालमीत जोर-बैठका मारताना रक्त कितीतरी वेगानं पळतं, तेव्हा हा राखलेला वेळ कामाला येतो आणि एवढ्या घाईतही पेशी भरूनच निघते. दोन टक्के जागा शिल्लक असताना शंभर टक्के वाढ कुठून आणणार?

आता निळं रक्त. हातावरच्या शिरा निळसर दिसतात हे खरं, आणि पुस्तकातल्या आकृतीत शीर निळ्या शाईनं छापतात हेही खरं. पण तपासणीसाठी रक्त देताना सुई शिरेतच घालतात ना? नळीत येतं ते काय निळं असतं? गडद तांबडं असतं. कातडीवर पडलेला प्रकाश कसा विखुरतो आणि कसा शोषला जातो, त्यामुळं डोळ्याला तो निळा भास होतो. एवढंच.

त्या रक्तात ऑक्सिजन नसतो ही तर त्याहून मोठी थाप. शरीराला आपला ऑक्सिजन देऊन परत निघालेल्या रक्तातही दर १०० मिलिलिटरमागे १५ मिलिलिटर ऑक्सिजन शिल्लक असतो. म्हणजे तीन चतुर्थांश जागा अजून भरलेल्याच. बसल्या जागी शरीर फक्त पाव वाटा उचलतं. हृदय मिनिटाला सुमारे ५ लिटर रक्त फिरवतं, लिटरमागे ५० मिलिलिटर ऑक्सिजन उतरतो, असा मिनिटाला २५० मिलिलिटरचा आपला खर्च. कष्ट पडले की शरीर उरलेल्या तीन वाट्यांत हात घालतं.

मेसेज लिहिणाऱ्यानं खालचा आकडा पाहिला असता तर पुढची ओळ कदाचित लिहिलीच नसती. धमनीतल्या, म्हणजे त्याच्या मते शुद्ध असलेल्या, १०० मिलिलिटर रक्तात कार्बन डायऑक्साइड किती असतो? सुमारे ४८ मिलिलिटर. ऑक्सिजनच्या दुपटीहून जास्त. शिरेतल्या रक्तात तो ५२ च्या आसपास जातो. दोन्हींतला फरक फक्त चारेक मिलिलिटर, आणि तेवढाच आपण उच्छ्वासावाटे टाकतो. कार्बन डायऑक्साइड हे निव्वळ विष असतं तर शरीरानं हा ४८ चा साठा कशाला बाळगला असता?

तो बाळगण्याची कारणं आहेत, आणि या सगळ्या प्रकरणात मला हाच भाग सगळ्यात सुरेख वाटतो. पेशींनी सोडलेला कार्बन डायऑक्साइड रक्तात वायू म्हणून फारसा राहत नाही. विरघळलेल्या अवस्थेत जातो तो साधारण ७ टक्के. २० ते २३ टक्के हिमोग्लोबिनच्या प्रथिन भागाला चिकटतो; ऑक्सिजनच्या जागेवर नव्हे, वेगळ्या ठिकाणी. उरलेला सुमारे ७० टक्के तांबड्या पेशीत शिरतो आणि तिथं पाण्याशी संयोग होऊन बायकार्बोनेट बनतो, म्हणजे खायच्या सोड्यात असतो तोच घटक. ही क्रिया एरवी रेंगाळत होते. पेशीतलं कार्बोनिक अॅनहायड्रेज नावाचं विकर (एन्झाइम) ती निमिषार्धात उरकतं. तयार झालेलं बायकार्बोनेट पेशीबाहेर रक्तद्रवात जातं, त्याच्या बदल्यात क्लोराइड आत येतं आणि विद्युतभाराचा हिशेब जुळतो. फुप्फुसात पोचल्यावर हेच सगळं उलट्या दिशेनं. रक्ताची आम्लता ज्या अरुंद पट्ट्यात राहायला हवी तिथं ती राहते त्यात या बायकार्बोनेटचा मोठा हात आहे. साठा हवा तो त्यासाठी.

दुसरं कारण कोपनहेगनच्या क्रिस्तियान बोर यांनी १९०४ साली सहकाऱ्यांसह दाखवून दिलं. (अणूची रचना सांगणारे नील्स बोर यांचे हे वडील.) रक्तात कार्बन डायऑक्साइड वाढला की हिमोग्लोबिनची ऑक्सिजनवरची पकड सैल होते. ऊस तोडणाऱ्या माणसाच्या दंडाचा विचार करा. कोयता चालवणारा स्नायू कार्बन डायऑक्साइड सोडतो, आम्ल सोडतो, तापतो. या तिन्ही गोष्टींनी तिथंच, त्या दंडातच, हिमोग्लोबिन ऑक्सिजन जास्त सोडतं. जिथं काम चाललंय तिथं माल उतरतो आणि त्यासाठी वरून कुणी हुकूम द्यावा लागत नाही. १९१४ साली क्रिस्तियान्सेन, डग्लस आणि हॉल्डेन यांनी याची दुसरी बाजू मांडली. फुप्फुसात ऑक्सिजन चढला की त्याच्या येण्यानंच हिमोग्लोबिनवरचा कार्बन डायऑक्साइड सुटायला मदत होते. दोन वायू एकमेकांचे वैरी म्हणून रंगवलेत त्या मेसेजमध्ये. प्रत्यक्षात एकाच्या येण्यानं दुसऱ्याचं जाणं सोपं होतं.

मग "पाच मिनिटं जोरजोरात श्वास" घेतल्यानं काय होतं? ऑक्सिजनच्या जागा ९७-९८ वरून फार तर ९९ टक्के भरतात. २० मिलिलिटरचे साडेवीससुद्धा नीट होत नाहीत. कार्बन डायऑक्साइड मात्र झपाट्यानं उतरतो. तो उतरला की मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात, आणि रक्तातल्या कार्बन डायऑक्साइडचा दाब निम्म्यावर आला तर मेंदूकडचा रक्तप्रवाहही निम्म्याच्या जवळपास घटू शकतो. शिवाय बोर यांनी सांगितलेलं उलटं फिरतं: पकड घट्ट होते आणि हिमोग्लोबिन आहे तो ऑक्सिजनही सहज सोडत नाही. गरगरतं, ओठांभोवती आणि बोटांत मुंग्या येतात, कधी बोटं वाकडी होऊन आखडतात. "ऊर्जा संचारली, अंग झिणझिणलं" असं कुणी सांगितलं तर ते हे. ऑक्सिजन वाढवण्याच्या नादात मेंदूला तो कमी पोचवला. हे प्राणायामाविरुद्ध लिहिलेलं नाही, कृपया तशी भांडणं काढू नका. सावकाश, संथ श्वासानं मन निवतं, ते करावं. मी बोलतोय ते धापा टाकण्याबद्दल.

आणि आपल्या मुलुखात या धापांचा एक थेट धोका आहे. उन्हाळ्याच्या सुट्टीत पोरं विहिरीत, मलप्रभेत, हिरण्यकेशीत डुंबायला जातात. पाण्याखाली कोण जास्त वेळ राहतो याची पैज लागते, आणि कुणीतरी सांगितलेलं असतं की बुडी मारायच्या आधी दहा-वीस मोठे श्वास घे. श्वास घ्यावासा वाटण्याची जी अनावर ओढ असते ती मुख्यतः कार्बन डायऑक्साइड वाढल्यानं लागते. जॉन स्कॉट हॉल्डेन आणि प्रीस्टली यांनी हे १९०५ मध्येच सिद्ध केलं. पोरगा आधीच कार्बन डायऑक्साइड उधळून पाण्यात गेला की ती ओढ उशिरा लागते, तोवर ऑक्सिजन संपत येतो आणि पाण्याखाली शुद्ध जाते. वर यावं असं त्याला वाटतच नाही. उत्तम पोहणारी पोरंही अशी जातात. बाकी काही वाचलं नाही तरी चालेल, घरात पोहणारा मुलगा असेल त्यानं एवढं वाचावं.

दहा सेकंदांची परीक्षा इथंच निकालात निघते. श्वास रोखणं कार्बन डायऑक्साइडवर, सवयीवर आणि जिद्दीवर अवलंबून असतं. निरोगी माणसानं अर्धा मिनिट श्वास रोखला तरी बोटावरचा आकडा फारसा हलत नाही. उलट न्यूमोनिया झालेला तरणाबांड गडी दहा सेकंद आरामात रोखतो, आणि साधा खोकला झालेल्या आजीला पाचही जमत नाहीत. २०२१ मध्ये डॉक्टरांना चक्रावणारे रुग्ण आठवतात? ऑक्सिजन ८० च्या घरात उतरलेला, आणि माणूस खाटेवर बसून फोनवर बोलतोय. त्याचं एक कारण हेच. कार्बन डायऑक्साइड फुप्फुसाच्या पडद्यातून ऑक्सिजनपेक्षा सुमारे वीसपट सहज पार होतो, त्यामुळं फुप्फुस बिघडलं तरी तो बराच काळ बाहेर पडत राहतो. तो साठत नाही म्हणून जीव घाबरा होत नाही. ऑक्सिजन कमी झाल्याची जाणीव शरीराला फार उशिरा होते. मेसेजवर विश्वास ठेवून श्वास रोखून बघणाऱ्याला नेमका याच वेळी "सगळं ठीक" असा निकाल मिळतो.

त्या काळात खरोखर उपयोगी पडलेला घरगुती उपाय या मेसेजमध्ये नाहीच, तो म्हणजे पोटावर झोपणं. घरी असलेल्या रुग्णांसाठी तो केंद्रीय आरोग्य मंत्रालयानंही एप्रिल २०२१ मध्ये सांगितला होता. पालथं झोपल्यावर फुप्फुसाचा पाठीकडचा भाग उघडतो, तिथं रक्त भरपूर असतंच, त्याला हवा भेटते. यात कापूर नाही, पैसा नाही, म्हणून बहुधा तो फिरला नाही.

रानातला ऑक्सिजन, पिंपळ आणि बाटलीतलं पाणी एका दमात उरकतो. मोकळ्या हवेत ऑक्सिजन २०.९ टक्के, मग ती कणकुंबीची असो की खडेबाजारातली. रानातली हवा स्वच्छ असते, धूळ-धूर कमी असतो, दम्याच्या माणसाला तिथं बरं वाटेल. ऑक्सिजन जास्त नसतो. उंचीचाच विचार केला तर बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटरवर, म्हणून इथं हवेचा दाब कारवार-पणजीपेक्षा ८ टक्क्यांच्या आसपास कमी. ज्यांना ऑक्सिजन जास्त हवा त्यांनी घाट चढण्याऐवजी चोर्ला उतरून गोव्याला जावं, मेसेजपेक्षा ते तरी खरं. पण त्याचीही गरज नाही. दाब एवढा कमी झाल्यानं हिमोग्लोबिनच्या भरलेल्या जागांत टक्का-अर्धा टक्का फरक पडतो. खरी उंची काय करते ते इथल्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या केंद्रात शिकून पुढे सियाचीनला जाऊन आलेल्या जवानाला विचारा. साडेपाच हजार मीटरवर दाब समुद्रकाठच्या निम्मा. म्हणून तिथं एकदम चढवत नाहीत, टप्प्याटप्प्यानं नेतात. श्वास आपोआप वाढतो आणि काही आठवड्यांत शरीर तांबड्या पेशींची संख्या वाढवतं.

पिंपळ रात्री ऑक्सिजन सोडत नाही. ऑक्सिजन तयार व्हायला उजेड लागतो. काही वनस्पती रात्री कार्बन डायऑक्साइड आत घेतात, त्याचा अर्थ त्या ऑक्सिजन बाहेर टाकतात असा होत नाही. पाण्याचं म्हणाल तर साध्या लिटरभर पाण्यात सहा-सात मिलिलिटर ऑक्सिजन विरघळलेला असतो. आपला खर्च मिनिटाला २५०. म्हणजे लिटरभर पाणी प्यायलात तर दीड-दोन सेकंदांची सोय, तीही पोटात. दाबानं दहापट भरला तरी पाव मिनिट. एक श्वास फुकट असताना त्या बाटलीला पैसे मोजणाऱ्याला मी काय सांगणार.

ऑक्सिमीटरवर ९८ ही ओळ मात्र एका दमात सुटण्यासारखी नाही, कारण तिच्यात अर्ध सत्य आहे. जपानचे ताकुओ आओयागी यांनी १९७४ च्या सुमारास या यंत्रामागची कल्पना मांडली. बोटातून तांबडा आणि अवरक्त असे दोन प्रकाश पाठवायचे, नाडीच्या ठोक्यासरशी बदलणारा भाग तेवढा मोजायचा, आणि हिमोग्लोबिनच्या किती टक्के जागा भरल्यात ते सांगायचं. आओयागी एप्रिल २०२० मध्ये वारले, नेमके त्यांचं यंत्र जगातल्या घराघरांत पोचत होतं तेव्हा. यंत्र उत्तम आहे. फक्त ते कशाचं उत्तर देतं ते कळायला हवं.

खानापूर-बेळगाव बसचं बघा. कुणी सांगितलं की सकाळच्या गाड्या ९८ टक्के भरून आल्या, तर तुम्ही म्हणाल वा. पण गाड्या दहा आल्या की पाच, ते त्या आकड्यात नाही. ऑक्सिमीटरही तसाच. जागा किती टक्के भरल्या ते सांगतो, जागा मुळात आहेत किती ते सांगत नाही. एक ग्रॅम हिमोग्लोबिन सुमारे १.३४ मिलिलिटर ऑक्सिजन नेतं. ज्याचं हिमोग्लोबिन १५ (म्हणजे १०० मिलिलिटरमागे १५ ग्रॅम) त्याच्या १०० मिलिलिटर रक्तात २० मिलिलिटर. ज्या बाईचं हिमोग्लोबिन ७, तिच्या रक्तात सव्वानऊ. दोघांच्याही बोटावर ९८.

आणि हे कुणा एखादीचं दुखणं नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. निपाणीकडं विड्या वळत बसलेल्या मावशी, येळ्ळूरच्या शिवारात भात लावणाऱ्या वहिनी, "जिना चढलं की धाप लागते, वय झालं की" असं म्हणतात आणि पुढच्या कामाला लागतात. जावई ऑक्सिमीटर लावतो, ९८ येतं, सगळे निश्चिंत. त्यांना कापूर नको, पिंपळ नको, रक्तातलं हिमोग्लोबिन मोजणारी साधी तपासणी हवी. लोह कमी निघालं तर लोहाच्या गोळ्या, डॉक्टर सांगतील तितके महिने. आशाताई देतात त्या तांबड्या गोळ्यांनी शौचाला काळं होतं म्हणून अर्ध्या बायका त्या डब्यात ठेवतात. काळं होणं अपेक्षितच आहे, त्यानं बिघडत काही नाही. गोळीवर लगेच चहा मात्र नको, लोह नीट शोषलं जात नाही. रक्तातला ऑक्सिजन खरोखरच दुप्पट करता येतो असे लोक आपल्यात आहेत, ते हे. सात दिवसांत मात्र नव्हे. तांबडी पेशी १२० दिवस जगते, नव्या तयार व्हायला आठवडे-महिने जातात.

राहिली शेगडी.

दुसऱ्या लाटेत लोक हुंगायचे ती कापूर, लवंग, ओव्याची पुरचुंडी हुंगल्यानं ऑक्सिजन वाढत नाही. नाकात गारवा जाणवतो, मोकळं झाल्यासारखं वाटतं, आकडा तिथंच राहतो. कापूर पोटात गेला तर लहान मुलाला झटके येऊ शकतात, म्हणून तो मुलाच्या हाती लागेल असा ठेवू नये. पण पुरचुंडी एकवेळ निरुपद्रवी म्हणू. इथल्या मेसेजमध्ये पुरचुंडीची शेगडी झालीय आणि वर दारं-खिडक्या लावायला सांगितलंय. डिसेंबर-जानेवारीत खानापूर तालुक्यात थंडी बोचरी असते, निखारे घरात घ्यायची सवय जुनी आहे. त्यात बाळंतिणीची खोली: फटी बुजवलेल्या, बाजेखाली शेगडी, शेक आणि धुरी. अशा घरात हा सल्ला पोचला की तो परंपरेला धरूनच वाटतो. म्हणून त्यावर जरा सविस्तर.

धगधगत्या कोळशाला पुरेशी हवा मिळाली नाही की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, डोळे चुरचुरत नाहीत. धूर नाही म्हणजे धोका नाही असं आपल्याला वाटतं. निखारे तर धुराविनाच असतात. आणि इथं कापूर-ओव्याचा वास सुटलेला, त्यामुळं खोलीत काही वाईट आहे अशी शंकाही येत नाही. हा वायू हिमोग्लोबिनवर बसतो तो ऑक्सिजनच्याच जागेवर, आणि त्याची पकड ऑक्सिजनच्या दोनशे पटींहून अधिक. त्यामुळं हवेत तो अगदी थोडा असला तरी तासाभरात पुष्कळ जागा अडवून बसतो. रक्ताशी त्याचं हे नातं फ्रान्सच्या क्लोद बेर्नार यांनी १८५७ च्या सुमारास उघड केलं. पुढे वर ज्यांचं नाव आलं त्या हॉल्डेननी कोळशाच्या खाणींतले मृत्यू तपासले, हा वायू स्वतः हुंगून स्वतःचं रक्त तपासलं, आणि खाणीत छोटे पक्षी नेण्याचा सल्ला दिला, कारण पक्षी माणसाच्या आधी कोसळतो. (त्यांचे चिरंजीव जे. बी. एस. हॉल्डेन १९५७ मध्ये भारतात आले, इथले नागरिक झाले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला वारले.)

यातली सगळ्यात वाईट गोष्ट अशी. हिमोग्लोबिन निम्म्यावर आलेली वहिनी धापा टाकत का होईना, घर चालवते. निम्म्या जागा कार्बन मोनॉक्साइडनं अडवलेला माणूस बेशुद्ध पडतो, मरतोही. जागा तर दोघांच्या निम्म्याच गेल्या, मग फरक कुठला? कार्बन मोनॉक्साइड नुसती जागा अडवत नाही. त्याच रेणूवरच्या उरलेल्या जागांवर जो ऑक्सिजन बसलाय त्याच्यावरची पकडही तो घट्ट करतो. रक्तात ऑक्सिजन आहे, पण मेंदूपाशी, हृदयापाशी तो उतरतच नाही.

आणि मेसेज म्हणतो, सकाळी आकडा बघा. साध्या ऑक्सिमीटरचे दोन प्रकाश ऑक्सिजन बसलेली जागा आणि कार्बन मोनॉक्साइड बसलेली जागा यांत भेद करू शकत नाहीत. दोन्ही त्याला भरलेल्याच दिसतात. त्यामुळं निखाऱ्यांशेजारी रात्र काढलेल्या माणसाच्या बोटावर ९७-९८ झळकू शकतं आणि घरचे म्हणतील, बघा, गुण आला. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांच्या बाबतीत हे रोजच चालू असतं. त्यांच्या ५ ते १० टक्के जागा या वायूनं धरलेल्या असू शकतात आणि यंत्र त्याची चाहूलही देत नाही.

शेगडीशेजारी पाण्याचं भांडं किंवा चिरलेला कांदा ठेवला की गॅस ओढून घेतो, असंही काहीजण सांगतात. कार्बन मोनॉक्साइड पाण्यात जवळपास विरघळत नाही, कांद्यातही नाही. न्हाणीघरातल्या गॅस गिझरला हाच न्याय: झरोका बंद केलेल्या खोलीत तो चालवू नये, शक्यतो बाहेर बसवावा. बाळंतिणीला ऊब हवी तर जाड वाकळ द्या, गरम पाण्याची पिशवी द्या, बाळाला आईच्या अंगाशी धरा. शेक द्यायचाच असेल तर दार उघडं ठेवून, जागेपणी, आणि शेकून झालं की शेगडी उचलून अंगणात. पोटुशी बाई असेल तर निखारे खोलीत नकोतच. गर्भाच्या रक्तात हा वायू आईपेक्षा जास्त साठतो आणि जायलाही जास्त वेळ घेतो.

बंद खोलीतली माणसं सकाळी डोकं ठणकतंय, मळमळतंय, पाय लटपटतायत असं एकदम म्हणायला लागली, एकाला नव्हे तर सगळ्यांनाच तसं होत असेल, तर ते पित्त नव्हे. आधी सगळ्यांना बाहेर मोकळ्यावर आणा. आत शिरणाऱ्यानं दारं-खिडक्या सताड उघडत जावं, आत थांबू नये. १०८ ला फोन करा. नुसत्या मोकळ्या हवेत हा वायू रक्तातून निम्मा व्हायला चार-पाच तास लागतात, दवाखान्यात मास्कवर पूर्ण ऑक्सिजन लावला तर तास-दीड तास. म्हणजे ऑक्सिजन देणं हाच इथं खरा इलाज आहे, तो मेसेजच्या शेगडीनं नव्हे तर नळकांड्यातून. आणि दवाखान्यात पोचल्यावर, कुणी विचारो न विचारो, पहिलं वाक्य हे सांगा की खोलीत निखारे होते किंवा गिझर चालू होता. बोटाला यंत्र लावून नर्सबाई "९८ आहे" म्हणाल्या तरी पुन्हा सांगा. कार्बन मोनॉक्साइड मोजायला रक्ताची वेगळी तपासणी लागते, आणि निखाऱ्यांचं कळल्याशिवाय ती लिहून द्यायचं कुणाच्या मनात येणार नाही.